रनिंग बॅक कुठला घालायचा, कुठला बसवायचा: रविवारी रात्री नऊला घाम फुटणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की शाहू स्टेडियम, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा आणि पेठापेठातली खुन्नस, हे काय वेगळं सांगायला नको. पण आज विषय दुसऱ्या फुटबॉलचा आहे, एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या लीगचा, बॉल काखेत मारून पळायचा. आता इथं ते कोण खेळतंय म्हणाल तर मैदानात कोणच नाही, पण फॅन्टसी लीगमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंची आपली टीम लावायची आणि त्यांच्या खऱ्या मॅचमधल्या खेळावर आपल्याला पॉइंट, तिथं लै जण सापडतील, कारण प्रत्येकाचा एक तरी मावसभाऊ नाहीतर कॉलेजचा दोस्त न्यू जर्सीला नाहीतर टेक्सासला बसलाय आणि ऑगस्ट लागला की त्याचा मेसेज येतोय, बारावा माणूस कमी पडतोय, ये की भावा. मग आपण हौसेनं जातोय, ड्राफ्ट करतोय, म्हणजे पाळीपाळीनं खेळाडू निवडतोय, पहिले दोन आठवडे नावं बघून टीम लावतोय आणि मार बसायला लागला की ग्रुपवर विचारतोय, ह्या दोघातला कुठला घालू सांगा की.

हे लिहितोय ते त्या एका प्रश्नापुरतंच. ड्राफ्ट कसा करायचा, ट्रेड कसं मारायचं ते परत कधीतरी. आणि पैसे लावून खेळायचं डोक्यात असेल तर ते काढून टाका, ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा झालाय आणि पैशाचे ऑनलाईन गेम बंद झालेत, त्यामुळं हरणाऱ्यानं मिसळ द्यायची एवढ्यावरच लीग चालू दे.

रनिंग बॅक म्हणजे बॉल घेऊन पळणारा गडी, त्याचाच प्रश्न एवढा का पेटतोय? क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, एकच असतोय, तो ठरलेला असतोय, रोज उठून बदलायला लागत नाही. रनिंग बॅक मात्र दोन घालायला लागतात, वर फ्लेक्सच्या, म्हणजे दोन-तीन प्रकारातला कोणबी चालतो त्या, जागेवर तिसरा बसतोय, आणि बेंचवर अजून तीन-चार असतात ज्यातला एक जायबंदी, एक सुट्टीवर आणि एक कोचच्या मर्जीवर. एनएफएलमध्ये टीम ३२ आहेत पण मॅचभर एकट्यानं बॉल वाहणारे गडी आता थोडेच राहिलेत, बाकी सगळीकडं दोघात नाहीतर तिघात काम वाटलेलं. म्हणून दर आठवड्याला तेच दुखणं.

पहिल्यांदा लीगची सेटिंग उघडून बघा

हे करायचं सोडून बाकी सगळं करतात लोक. पळून नाहीतर पास झेलून काढलेल्या दर १० यार्डाला १ पॉइंट, टचडाऊनला, म्हणजे बॉल समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडं नेला की, ६, बॉल हातातून सुटून समोरच्यानं पळवला तर बहुतेक ठिकाणी वजा २, इथपर्यंत सगळ्या लीग जवळपास सारख्या. खरा फरक कॅचला आहे. फुल पीपीआर असेल तर झेललेल्या प्रत्येक पासला अख्खा १ पॉइंट, हाफ असेल तर अर्धा, स्टँडर्ड असेल तर शून्य.

एवढ्याशानं काय होतंय असं वाटत असेल तर २०२० चा सीझन बघा. टेनेसी टायटन्सचा डेरिक हेन्री त्या वर्षी २०२७ यार्ड पळाला आणि १७ टचडाऊन केले, अंगानं आडवातिडवा, अंगावर आला की समोरचा बाजूलाच होणार. न्यू ऑर्लीन्स सेंट्सचा अल्विन कमारा पळाला ९३२ यार्ड, म्हणजे हेन्रीच्या निम्म्यापेक्षा कमी. पण कमारानं ८३ पास झेलले आणि हेन्रीनं १९, शिवाय कमाराचे टचडाऊन सगळे मिळून २१. स्टँडर्ड लीगमध्ये हेन्री वर, आणि फुल पीपीआरमध्ये कमारा हेन्रीच्या चाळीसहून जास्त पॉइंटनी वर. खेळाडू तेच, मॅच त्याच, फक्त लीगची सेटिंग वेगळी. म्हणून मावसभाऊ त्याच्या ऑफिसच्या लीगमध्ये कुणाला खेळवतोय ते बघून आपण तसंच करायचं नाही, त्याची लीग स्टँडर्ड असेल आणि आपली पीपीआर.

हिशोब साधा आहे. एका कॅरीला, म्हणजे बॉल घेऊन एकदा पळण्याला, सरासरी चार-साडेचार यार्ड मिळतात, म्हणजे अर्ध्या पॉइंटच्या आसपास. तोच गडी सात यार्डाचा एक पास झेलला तर फुल पीपीआरमध्ये १.७. पास काही सगळेच पकडले जात नाहीत, ते धरून पण एक टार्गेट, म्हणजे त्याच्याकडं टाकलेला एक पास, दोन कॅरीपेक्षा जास्त वजनाचं पडतंय.

नाव सोडा, काम बघा

माझं म्हणणं इथंच आहे, बाकी सगळं पुरवणी. रनिंग बॅकला पॉइंट मिळतात ते त्याच्या हातात बॉल दिला म्हणून, आणि बॉल कुणाच्या हातात द्यायचा हे कोच ठरवतोय. कितीबी चपळ असू दे, मॅचमध्ये सहा वेळा बॉल मिळणार असेल तर तो काय दिवे लावणार. आणि मध्यम दर्जाचा गडी असेल पण वीस वेळा बॉल मिळतोय तर काही ना काही हाताला लागतंयच.

तर अॅपमध्ये खेळाडूच्या नावावर दाबायचं आणि गेल्या दोन-तीन मॅचचं हे बघायचं: टीमचे एकूण जेवढे डाव झाले (डाव म्हणजे बॉल सुटल्यापासून थांबेपर्यंतचा एक खेळ) त्यातल्या किती डावाला हा मैदानात होता, त्याला स्नॅप टक्केवारी म्हणतात, कॅरी किती, टार्गेट किती, आणि गोल लाइनजवळ, म्हणजे शेवटच्या पाच यार्डात, बॉल ह्याला देतात का दुसऱ्याला. पॉइंटचा आकडा सगळ्यात शेवटी. अॅपवाले मात्र पॉइंटच सगळ्यात मोठ्या अक्षरात दाखवतात आणि आपण त्यालाच भुलतो.

एक उदाहरण मांडून बघू, आकडे समजा म्हणून घ्या, लीग फुल पीपीआर. पहिल्यानं गेल्या रविवारी ७ कॅरीत ५८ यार्ड काढले, त्यातला एकच मोठा पळ ४१ यार्डाचा आणि तो थेट टचडाऊन, वर एक कॅच ५ यार्डाचा. मिळाले १३.३. दुसऱ्यानं १७ कॅरीत कसेबसे ५२ यार्ड, ४ कॅच, त्याचे २३ यार्ड, टचडाऊन नाही. मिळाले ११.५. ग्रुपवर विचारलं तर दहातले आठ जण पहिला घाल म्हणतील. आता दोघांचे टचडाऊनचे पॉइंट बाजूला काढा, पहिल्याकडं उरतात ७.३, त्यातले पण चार पॉइंट त्या एका पळाचे, आणि दुसऱ्याकडं ११.५ तसेच. दुसऱ्याच्या हातात २१ वेळा बॉल आला, पहिल्याच्या ८ वेळा. मी दुसरा घालणार, डोळे झाकून. पहिला परत एकदा ४१ यार्ड पळणार नाही असं नाही, पण आठ वेळात ते जमवणं आणि एकवीस वेळात जमवणं ह्यात फरक हाय की नाही.

टचडाऊनवर एवढा अविश्वास का म्हणाल, तर जेरोम बेटिसची २००४ च्या सीझनमधली पहिली मॅच. पिट्सबर्ग स्टीलर्सकडून ५ कॅरी, १ यार्ड, ३ टचडाऊन. एक यार्ड! फॅन्टसीत १८.१ पॉइंट. असल्या आकड्यावरून पुढच्या आठवड्याचा अंदाज बांधायचा म्हणजे नाद खुळाच. आणि उलटं बघायचं तर बफेलो बिल्सचा जेम्स कुक, २०२३ मध्ये ११२२ यार्ड पळाला आणि पळून टचडाऊन किती, २. पुढच्या वर्षी यार्ड थोडे कमीच, १००९, आणि टचडाऊन १६. पळणारा तोच, जर्सी तीच. २०२३ मध्ये गोल लाइनजवळ गेले की क्वार्टरबॅक जॉश अॅलन स्वतःच बॉल घेऊन घुसत होता, त्यानं त्या सीझनला पळून १५ टचडाऊन केले, कुकच्या वाट्याला काय राहणार.

फिलाडेल्फिया ईगल्सचं पण तसंच. २०२४ मध्ये सक्वॉन बार्कली २००५ यार्ड पळाला, लीगमध्ये सगळ्यात जास्त, आणि तरी पळून केलेले टचडाऊन त्याचे १३ आणि क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सचे १४, कारण एक यार्ड राहिला की सगळे मिळून हर्ट्सला मागून ढकलतात. म्हणून बार्कलीला बसवा असं मी म्हणत नाही, तसं म्हणणाऱ्याला लीगमधून हाकलून द्यावं. पण दोन मध्यम गडी तोलताना क्वार्टरबॅक स्वतः घुसणारा आहे का हे बघायचं, ह्या एका गोष्टीवर बऱ्याच वेळा निकाल लागतोय.

दोघात वाटून खाणाऱ्यांचं काय

दोन भावात वाटलेल्या रानासारखं आहे हे, रान किती एकर आहे ते आधी बघायचं, मग वाटणी. डेट्रॉइट लायन्सकडं २०२४ मध्ये जहमीर गिब्जनं पळून १६ टचडाऊन केले आणि डेव्हिड माँटगोमरीनं १२. एकाच टीमचे दोघं, आणि दोघंही खेळवण्यासारखे, कारण टीमच एवढी चालत होती की अर्धा वाटा पण पोटभर. तेच एखाद्या टीमला मॅचमध्ये दोन टचडाऊन करायला धाप लागत असेल तर तिथल्या अर्ध्या वाट्याला काय अर्थ आहे, तिथं एकट्यालाच ७० टक्के काम मिळत असेल तरच बघायचं.

वाटणी कशी झाली आहे ते पण बघा. बऱ्याच ठिकाणी एक गडी पहिल्या दोन डावाला येतो, जोर लावतो, आणि तिसऱ्या डावाला, म्हणजे पास टाकायची वेळ आली की, दुसरा येतो. पीपीआरमध्ये हा दुसरा नाव नसलेला गडी पहिल्यापेक्षा बरा पडू शकतोय. आणि तीन जणांची वाटणी असेल तर सरळ सोडून द्या, तिथं कोचलाच माहिती नसतंय आज कोण पळणार, आपल्याला कुठनं कळणार.

मॅच कशी जाणार त्याचा अंदाज

पुढं असलेली टीम शेवटी शेवटी बॉल पळवत बसते, घड्याळ चालू ठेवायचं असतंय. मागं पडलेली टीम पळायचं सोडते आणि पास टाकत सुटते. म्हणजे एकाच टीममधल्या दोघातला कुठला चालणार हे टीम पुढं राहणार का मागं त्यावर ठरतंय.

ह्याचा सगळ्यात ठळक नमुना म्हणजे फेब्रुवारी २०१७ चा सुपर बोल, म्हणजे सीझनची फायनल, पेट्रियट्स विरुद्ध फाल्कन्स. पेट्रियट्सचा लेगॅरेट ब्लाउंट त्या सीझनला पळून १८ टचडाऊन केलेला गडी, लीगमध्ये एक नंबर. आणि त्याच टीममध्ये जेम्स व्हाइट, पास झेलणारा, तिसऱ्या डावाचा माणूस. पेट्रियट्स २८-३ नं मागं पडले. मागं पडल्यावर ब्लाउंटचं काय काम? ११ कॅरी, ३१ यार्ड, वर बॉल पण घालवला. आणि व्हाइटनं १४ पास झेलले, ११० यार्ड, वर पळून २९ यार्ड, टचडाऊन ३, आणि एक टू पॉइंट कन्व्हर्जन, म्हणजे टचडाऊननंतरचे जादा दोन पॉइंट. फुल पीपीआरनं मोजलं तर ४७.९. पेट्रियट्स ओव्हरटाइममध्ये ३४-२८ नं जिंकले ते सगळ्यांना माहिती आहे, पण आपल्या कामाचा भाग तो दोन ओळींचा आहे: ब्लाउंटची मॅच स्कोअरबोर्डनं संपवली आणि व्हाइटची स्कोअरबोर्डनंच घडवली.

आता मॅच आधी हे कळणार कसं? सट्टा लावायचा नाही, पण अमेरिकेतल्या सट्टेवाल्यांचा आकडा फुकट बघायला मिळतोय आणि तो बऱ्यापैकी शहाणा असतोय. दोन आकडे असतात, एक दोघांचे मिळून एकूण पॉइंट किती होतील आणि दुसरा कोण किती पॉइंटनी वरचढ आहे. समजा एकूण ४८ आणि एक टीम ६ नं वरचढ. ४८ मध्ये ६ मिळवा, ५४, अर्धे करा, २७. म्हणजे वरचढ टीमकडून २७ ची अपेक्षा आणि समोरच्याकडून २१. २७ वाल्या टीमचा जोर लावणारा गडी घाला. २१ वाल्या टीमचा असाच गडी असेल आणि तो पास झेलत नसेल तर दोनदा विचार करा. २१ वाल्या टीमचा पास झेलणारा असेल तर मात्र चालतंय, पीपीआरमध्ये तर पळतंय.

समोरची टीम रनिंग बॅकला किती पॉइंट देते ते हिरव्या-लाल रंगात अॅप दाखवतंय, त्याला माझ्या मते लोक उगाच डोक्यावर घेतात. सीझनच्या पहिल्या तीन-चार आठवड्यात तर त्या रंगाला काहीच अर्थ नाही, एखाद्या टीमची गाठ आधीच दोन भारी रनिंग बॅकशी पडली असेल तर ती हिरवी दिसणारच. ऑक्टोबर संपत आला की थोडं मनावर घ्या. हवामानाचं पण तसंच, बर्फ दिसला की लोक घाबरतात, खरं घाबरायचं ते वाऱ्याला, आणि ते पण पास टाकणाऱ्यांनी आणि किकरनी, रनिंग बॅकला वारा उलट कामच देतोय.

दुखापतीचा रिपोर्ट कसा वाचायचा

रविवारी खेळणाऱ्या टीम बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन दिवस प्रॅक्टिसचा रिपोर्ट देतात. कोण पूर्ण खेळला, कोण थोडा, कोण अजिबात नाही. बुधवारी ‘अजिबात नाही’ बघून लगेच छाती बडवून घेऊ नका, जुन्या-जाणत्या खेळाडूंना बुधवारी नुसती विश्रांती पण देतात. शुक्रवार महत्त्वाचा. बुधवारी नाही, गुरुवारी थोडा, शुक्रवारी पूर्ण, असं चढत गेलं तर गडी खेळतोय असं धरा. उलटं, बुधवारी पूर्ण आणि शुक्रवारी गायब, म्हणजे मधी काहीतरी झालंय, बेंचवरचा दुसरा तयार ठेवा. शुक्रवारचा रिपोर्ट आपल्याकडं रात्री उशिरा नाहीतर शनिवारी उजाडताना येतोय, शनिवारी चहा घेताना बघायचा. ‘आउट’ म्हणजे विषय संपला, ‘डाउटफुल’ म्हणजे पण संपल्यातच जमा, आणि ‘क्वेश्चनेबल’ म्हणजे सगळी डोकेदुखी.

क्वेश्चनेबलचा सगळ्यात मोठा झटका २०२४ च्या पहिल्याच आठवड्यात बसला. सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सचा ख्रिश्चन मॅकॅफ्री, लीगोलीग ड्राफ्टमध्ये एक नंबरला गेलेला, मॅच सोमवारी रात्रीची, म्हणजे आपल्याकडं मंगळवारी पहाटे. नाव क्वेश्चनेबलमध्ये होतं, सगळे म्हणत होते खेळणार, आणि मॅचच्या आधी कळलं की नाही. बाकीच्या टीमच्या मॅच रविवारीच संपल्या होत्या, आता घालणार कुणाला? ज्यांच्या बेंचवर त्याच टीमचा जॉर्डन मेसन होता ते हसले. मेसन २८ कॅरी, १४७ यार्ड, १ टचडाऊन.

ह्यातून करायचं काय तर, तुमचा क्वेश्चनेबल गडी उशिराच्या मॅचला असेल तर त्याच मॅचचा नाहीतर त्याच्या नंतरच्या मॅचचा एक गडी बेंचवर पाहिजेच पाहिजे. सगळ्यात सोपं म्हणजे त्याच टीमचा बदली गडी. तो नसेल, आणि दुसरं कोणच मिळत नसेल, तर रविवारी रात्रीच मन घट्ट करून खात्रीचा गडी घालायचा, भले तो थोडा हलका असू दे. खेळलाच नाही तर शून्य, आणि शून्याची भरपाई लै अवघड.

आपल्या घड्याळाप्रमाणं

इथंच कोल्हापूरवाले आणि न्यू जर्सीवाले वेगळे पडतात, त्यामुळं हे नीट बघा. रविवारच्या दुपारच्या मॅच आपल्याकडं रात्री साडेदहाला चालू होतात. प्रत्येक टीमला मॅचच्या ९० मिनिटं आधी न खेळणाऱ्यांची यादी द्यायला लागते, म्हणजे रात्री नऊला. रविवारी नऊला आपल्याकडं काय चालू असतंय ते सांगायला नको, ताटात सुकं, वाटीत तांबडा, दुसऱ्या वाटीत पांढरा, आणि पाहुणे आले असतील तर आग्रह. हात धुवा, पाच मिनिटं मोबाईल घ्या, यादी बघा, तुमचा गडी त्यात नाही ना एवढंच बघायचं, परत या. साडेनऊ-दहाला निवांत बघू म्हटलं तरी चालतंय, पण जेवून आडवं झालं की कोण उठतंय.

त्यानंतरच्या मॅच रात्री १.३५ आणि १.५५ ला, त्यांची यादी साडेबाराच्या आत. रविवार रात्रीची मोठी मॅच आपल्याकडं सोमवारी पहाटे ५.५०, आणि सोमवारची मंगळवारी पहाटे पावणेसहाच्या सुमाराला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागं जातात, मग हे सगळं आपल्याकडं एक तास पुढं सरकतंय, साडेदहाच्या मॅच साडेअकराला, यादी दहाला. अॅप वेळ आपोआप बदलून दाखवतंय, आपण लावलेला अलार्म बदलत नाही, तो हातानं बदला.

दोन खड्डे अजून. एक, लंडन नाहीतर जर्मनीतली मॅच असेल तर ती बहुतेक वेळा आपल्याकडं संध्याकाळी सातला, नोव्हेंबरमध्ये घड्याळं बदलली की आठला, चालू होते, म्हणजे तो खेळाडू तेव्हाच लॉक, मग बदलता येत नाही, तुम्ही तेव्हा रंकाळ्यावर भेळ खात असाल. दुसरा, गुरुवारची मॅच, आपल्याकडं शुक्रवारी पहाटे, आणि थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी तर तीन मॅच, त्यातली पहिली आपल्या गुरुवारी रात्रीच. त्या आठवड्यात टीम बुधवारीच लावून टाका.

आणि एक युक्ती जी फुकट आहे आणि तरी निम्मी लीग वापरत नाही. गुरुवारी खेळणारा रनिंग बॅक फ्लेक्सच्या जागेवर कधीच ठेवू नका, त्याला रनिंग बॅकच्याच जागेवर ठेवा. फ्लेक्समध्ये रनिंग बॅक, नाहीतर वाइड रिसीव्हर आणि टाइट एंड हे पास झेलणारे, कोणबी बसतोय, त्यामुळं ती जागा सगळ्यात उशिरा खेळणाऱ्यासाठी मोकळी पाहिजे. रविवारी कोण आजारी पडला तर मग तिन्ही प्रकारातनं बदली शोधता येतोय. गुरुवारवाल्यानं फ्लेक्स अडवला की तुम्ही फक्त रनिंग बॅकच शोधत बसणार, आणि तेच तर कमी असतात.

गुरुवारी खेळणाऱ्याला घालूच नये असं पण बरेच जण म्हणतात, विश्रांती कमी मिळते वगैरे. काम भरपूर मिळणारा असेल तर घाला, कायबी होत नाही.

काटा अगदी बरोबरीत असेल तर

अॅपचा अंदाज एकाला ११.२ आणि दुसऱ्याला १०.६ दाखवत असेल तर त्या ०.६ ला काही किंमत नाही, ते दोघं सारखेच धरा. मग तुमची स्वतःची मॅच बघा. समोरच्यापेक्षा तुमची टीम भारी असेल तर खात्रीचा गडी घ्या, ज्याला पंधरा-वीस वेळा बॉल मिळतोय आणि जो आठ-दहा पॉइंट तरी देणारच. समोरचा लै भारी असेल, आणि साध्या खेळानं तुम्ही हरणारच असाल, तर धोका पत्करा, एका पळात टचडाऊन मारणारा घाला. मायामी डॉल्फिन्सचा डेव्हॉन एचेन सप्टेंबर २०२३ मध्ये असाच फुटला होता, आधीच्या मॅचमध्ये जवळजवळ खेळलाच नव्हता आणि डेन्व्हरविरुद्ध १८ कॅरीत २०३ यार्ड, एकूण ४ टचडाऊन, ती मॅच डॉल्फिन्सनं ७०-२० नं मारली. जवळपास सगळ्यांच्या बेंचवर सडला त्या दिवशी तो. त्याला बसवणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं, कामाचा आकडाच नव्हता, पण हरायला आलेल्यानं घातला असता तर शहाणपणच ठरलं असतं.

बाय वीक विसरू नका, पाचव्या ते चौदाव्या आठवड्यात प्रत्येक टीमला एक सुट्टी असते आणि सुट्टीवरचा गडी टीममध्ये तसाच ठेवणारा एक तरी भावा प्रत्येक लीगमध्ये सापडतोय.

आणि इतकं सगळं बघून पण दोघं सारखेच निघाले, काम सारखं, टीम सारखी, दुखापत कुणालाच नाही, तर मी रात्री साडेदहावाला घेतो. पहाटे पावणेसहाचा अलार्म लावायला लागत नाही, आणि सोमवारी ऑफिसला जायचं असतंय.